आबांची मुलाखत

“हे कुणाला पटायचं नाही,” धोंडूआबा माइकपुढे सरसावून म्हणाले, “पण मी रेडिओवर बातम्या वाचायला लागलो की गावातल्या म्हशींना पान्हा फुटायचा. माझ्या रजेच्या दिवशी गावभर कोरा चहा.”

उन्हाळी शिबिरातली पोरं खिदळली. त्यांना मुलाखत घ्यायला आबाच शिकवत होते. उत्तर खरं वाटलं नाही, तर तिथल्या तिथे विचारायचं, हा त्यांचाच नियम. आज सरावाला पाहुणेही तेच.

“घरी कोण ऐकायचं?” केतकीने विचारलं.

“आमची ही. रोज घरी गेलो की चुका काढायची.” बोलता बोलता आबांचा चेहरा खुलला. “आज गेलो की दारातच म्हणेल, पोरांपुढे किती फेकलंत.” क्षणभर त्यांनाही ते खरंच वाटलं, आणि बरं वाटलं.

केतकीने माइक तसाच धरला. “पण आबा, आजी संक्रांतीच्या आधीच वारल्या ना? मी आईबरोबर भेटायला आले होते.”