चष्मा सापडत नाही

तात्यापारा मोहल्ल्यात एकट्या राहणाऱ्या हरिदासजींना रोज दुपारी फोन यायचा, "दादाजी, आपकी पच्चीस लाख की लॉटरी लगी है." मग चौबे कॉलोनीत घर घेईन, नातवाची खोली गच्चीला लागून करीन, असं ते सांगत बसायचे आणि तिकडचा माणूस "फिर, दादाजी?" म्हणत ऐकायचा. ओटीपी सांगायची वेळ आली, की नेमका यांचा चष्मा सापडत नसे.

पुण्याहून सुट्टीत आलेल्या मुलानं, यशदीपनं, कपाळावर हात मारला आणि नंबर ब्लॉक करून टाकला. "बाबा, फ्रॉड आहे तो. समजत नाही का तुमाले?"

"हव, पहिल्याच दिवशी समजलं," खिशातला चष्मा चाचपत हरिदासजी म्हणाले.


"पण चष्मा सापडला असता, तर त्यानं दुसऱ्या दिवशी फोन काहून केला असता?"