शेजाऱ्याची लाल गाडी

"तुझ्या ब्लॉगमधून ते गाडीचं वाक्य आधी काढ," आई फोनवर चिडली होती. "अख्ख्या कराडला मी तो फोटो दाखवलाय!"

"नाही काढणार." बाळ मांडीवर झोपलेलं, म्हणून मी हळू बोलले.

कॅनडात आल्या आल्या शेजाऱ्याच्या लाल गाडीला टेकून काढलेला फोटो मी 'माझी गाडी' म्हणून घरी पाठवला होता. तेव्हा बसभाडं वाचवायला बर्फातून चालत कामावर जायचे. काल, स्वतःच्या घरात बसून, पैशांवरच्या माझ्या ब्लॉगवर हे लिहून टाकलं.

"लोक हसतील गं."

"हसू देत. आजही इथं एखादी अर्धपोटी राहून आपल्या आईला असे फोटो पाठवत असेल. तिच्यासाठी लिहिलंय."

आईनं हळूच विचारलं, "तू जेवायचीस तरी का तेव्हा?"

"कधीकधी."

तिनं नाक ओढलं. "मग तेही लिही."