व्यासराजांसाठी एक मिनिट

"अप्पा, बसा ना. लोक बघतायत."

कीर्तनाने वडिलांच्या शर्टाचं टोक ओढलं. व्यासराज बसले नाहीत. तिसरा गोलही डाव्या बाजूनेच आत आला होता, पहिल्या दोन्हींसारखा. त्यांनी तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि समोरच्या व्हीआयपी कक्षाच्या दिशेने तमिळमध्ये ओरडले, "सार, लेफ्ट बॅक एंगे?"

साहेब, लेफ्ट बॅक कुठाय? तीन हंगाम त्यांचा हा एकच प्रश्न होता. डावीकडचा बचाव सांभाळणारा खेळाडू क्लबने विकला होता. त्याच्या जागी कुणालाच आणलं नव्हतं. गोल मारणारे मात्र दर वर्षी नवे येत. अण्णा नगरच्या चौकात त्यांची होर्डिंगं लागत. डावीकडे मग जो कुणी रिकामा असेल, तो उभा राही.

"पुढं एवढी मोठी तोफ आणि डावीकडं साधा पत्रा नाही," व्यासराज बसता बसता म्हणाले. "असला रणगाडा आमच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या फॅक्टरीत गेटबाहेर पडला नसता." त्यांनी सुंडलचा, खोबरं घातलेल्या उकडलेल्या चण्यांचा, पुडा लेकीपुढे धरला. "खा गे. मॅचला येऊन पुस्तक वाचणारी तू एकटीच. एकदा तू विचार की. बाईचा आवाज लांब जातो."

"तुमची टीम, तुमचा प्रश्न," कीर्तना म्हणाली आणि तिने पान उलटलं. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: 'झुंजार पराभव'. व्यासराजांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. "गोल कुठून आले, ते नाही लिहिलेलं. हवा दमट होती, ते लिहिलंय." चष्मा काढून ते पुष्कळ वेळ हसले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर पेपरातल्या वेंकटरमणचा फोन आला. 'झुंजार पराभव' ही बातमी त्याचीच होती.

"मॅडम, पुढच्या सामन्याआधी क्लब तुमच्या वडिलांसाठी एक मिनिट शांतता पाळणार आहे. असा मान आजवर कुठल्या प्रेक्षकाला मिळाला नाही. मी छोटं काही लिहितोय. दोन वाक्यं द्या ना. क्लब म्हणजे त्यांचं घर, असं काहीतरी."

"त्यांचा प्रश्न छापा."

"कुठला, मॅडम?"

"तुम्ही तीन वर्षं ऐकताय तो."

"अय्यय्यो मॅडम, गेलेल्या माणसाच्या नावावर तक्रार बरी दिसत नाही. आणि प्रेस पास क्लबच देतो. तुम्हाला कळतंच सगळं."

सामन्याच्या सकाळी ते छापून आलं. व्यासराजांचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'जिंकलो काय, हरलो काय, या निष्ठावंत चाहत्याने कधीही तक्रार केली नाही.' कीर्तनाने ते वाक्य दोनदा वाचलं. तेराव्याला आलेल्या माणसांपुढे ती रडली नव्हती. आत्ता तिने पेपर मुठीत चुरगाळला. माणूस गेला होता. त्याचं बोलणंही आता हे लोक नेणार होते.

मैदानावर क्लबच्या माणसाने तिला अप्पांच्या नेहमीच्या, पूर्वेच्या स्टँडकडे जाऊच दिलं नाही. "आज तुम्ही पाहुण्या, मॅडम." त्याने तिला व्हीआयपी कक्षात नेलं, क्लबच्या अध्यक्षांशेजारी बसवलं, हातात वडिलांचं नाव छापलेली जर्सी दिली. "तुम्ही फक्त उभं राहायचं. बोलायचं काही नाही."

समोर पूर्वेचा स्टँड भरला होता. नेहमीच्या माणसांनी व्यासराजांची खुर्ची रिकामी ठेवली होती. इतक्या लांबून ती तिला कशीबशी दिसली.

अध्यक्ष तिच्याकडे झुकले. ते मनापासून बोलत होते. "तुमच्या वडिलांचा उत्साह दांडगा हं. गोल खाल्ला की तिकडे उभे राहून आम्हाला काहीतरी ओरडून सांगायचे. ढोलांच्या गोंगाटात शब्द कधी कळले नाहीत. पण धीरच देत असणार."

कीर्तनाने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे तीन हंगाम प्रश्न इथवर पोचलाच नव्हता. आणि ज्याच्या हातात तो पोचवायचं काम होतं, तो दोन पायऱ्या खाली उभा होता. श्रद्धांजलीचं चित्रण करायला वेंकटरमणने मोबाइल उंच धरला होता.

लाउडस्पीकरवर व्यासराजांचं नाव घेतलं गेलं. खेळाडू मधल्या वर्तुळात उभे राहिले. पंचांनी शिट्टी फुंकली. ढोल थांबले, भोंगे थांबले. सुंडलवाल्याने हाक अर्ध्यात गिळली. अध्यक्षांनी मान खाली घातली. मैदान इतकं शांत झालं, की कोपऱ्यातल्या झेंड्याची फडफड ऐकू यायला लागली. आज इथे शब्दन् शब्द कळला असता.

सगळेच उभे होते. 'बसा ना' म्हणून शर्ट ओढणारं कुणी नव्हतं.

कीर्तनाने जर्सी खांद्यावर टाकली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

"सार, लेफ्ट बॅक एंगे?"