पितळेचं कार्ड

पितळेचं ते कडं रुद्रप्पानं हातात घेतलंच नाही. बुटाच्या टोकानं उलटं करून पाहिलं.

"एनप्पा हे? बाईंच्या बंदुकीला तोडा घातलास, आता माझ्या बंदुकीला बी घालतोस व्हय?"

विजापूर रोडपलीकडच्या जुन्या खाणीत रायफल क्लबचे दहा-बारा सभासद जमले होते. ते खो खो हसले. मिलच्या वर्कशॉपमधला टर्नर चनमल्लप्पा तेवढा हसला नाही. त्यानं कडं उचलून सदऱ्याला पुसलं.

"पावशेर भरतंय, हवालदार. नळीच्या तोंडाशी बसवायचं. टोक जड झालं की ते हलायला वेळ लावतंय. आपला श्वास, नाडी, समदं त्यात जिरतंय. तुमच्याच रायफलवर बसवून बघितलंय, तुमी घरी गेल्यावर. चार रविवार मागं-पुढं सरकवत जागा धरली."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. तुमची निशाण्याची कार्डं बघत होतो की, भोकं पांगतेत."

रुद्रप्पाच्या कपाळावरची शीर फुगली. चौदा वर्षं फौजेत काढलेला माणूस तो, आता होमगार्डच्या पोरांना नेमबाजी शिकवत होता. लेथवर लोखंड सोलणाऱ्यानं त्याची कार्डं बघावीत!

"ज्याचा हात लुळा त्याला बांध जा," तो म्हणाला आणि सतरंजीवर पालथा पडला.

पुण्याच्या राज्य स्पर्धेला सोलापुरातून एकच नाव जायचं होतं. गेली सहा वर्षं ते रुद्रप्पाचं होतं. यंदा समोर होती मुलींच्या शाळेतली गणिताची बाई, सुंदरम्मा. तिच्या रायफलला चनमल्लप्पानं कडं तर बसवलं होतंच, वर नळीच्या पुढं वीतभर पोकळ नळकांडं जोडून त्याच्या टोकाला नेम धरायची माशी बसवली होती. डोळ्यापासून माशी जितकी लांब, तितका नेम बारीक धरता येतो, असं ती म्हणे. रुद्रप्पाला ते नळकांडं म्हणजे चुलीपुढची फुंकणी वाटायची.

दोघांनी दहा-दहा गोळ्या मारल्या. क्लबचे सेक्रेटरी वकील होते. त्यांनी कार्डं तपासली. बाईंचे पंच्याण्णव. रुद्रप्पाचे अठ्ठ्याऐंशी.

"गोळ्या जुन्या हायत," रुद्रप्पा म्हणाला. दंडाला आवळलेल्या रायफलच्या पट्ट्यात नाडी कशी उडत होती आणि कार्डावरच्या काळ्या ठिपक्यापुढं माशी कशी मुंगीसारखी चालत होती, ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

"हवालदारांचा मान म्हणून आणखी एक कार्ड देऊ," वकील म्हणाले. "बाई, तुमचं काय?"

"माझी हरकत नाही," सुंदरम्मा म्हणाली. नापास मुलीला पुन्हा परीक्षेला बसवावं, तसा तिचा आवाज होता.

त्या आवाजानं रुद्रप्पाचं डोकं भडकलं. त्यानं चनमल्लप्पाकडं न बघताच रायफल पुढं केली. "बसव तुझा तोडा. काय उजेड पडतोय, समद्यांनाच बघू दे."

चनमल्लप्पानं आधीच करून ठेवलेल्या खुणेवर कडं बसवलं आणि दोन्ही स्क्रू आवळले.

रुद्रप्पानं डोळा लावला. माशी ठिपक्याखाली आली आणि थांबली. तो वाट बघत राहिला, पण ती हललीच नाही. कुणीतरी खालून हात धरावा तशी ती धरलेली होती. पहिली गोळी गेली. मग त्यानं उरलेल्या नऊ भराभर मारल्या.

सत्त्याण्णव. मधोमध रुपयाएवढं भगदाड.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी फॉर्मवर रुद्रप्पाचं नाव लिहिलं. सुंदरम्मा खाली बसून रायफलची पिशवी उलगडू लागली, तिनं वर पाहिलं नाही.

रुद्रप्पा कार्ड हातात धरून उभा होता. असं कार्ड त्याला कैक वर्षांत लाभलं नव्हतं. अंगठ्यानं त्यानं भोकाची कड चाचपली आणि कार्ड वकिलांच्या टेबलावर टाकलं.

"नाव खोडा, साहेब."

"अहो, का?"

"हे कार्ड पितळेचं हाय. माझं ते अठ्ठ्याऐंशीचं."

सुंदरम्मा ताडकन उठली. "मग माझंही पितळेचंच झालं की, हवालदार."

"व्हय. म्हणून तर तुमी जावा पुण्याला. तितं समदे तसलेच येतेत."

तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं फॉर्म ओढला, त्याच्या नावावर स्वतःच रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. रायफल पिशवीत घालून ती निघून गेली. रुद्रप्पाला तिनं नमस्कारही केला नाही, आणि त्यानं तशी अपेक्षाही केली नव्हती.

हळूहळू खाण रिकामी झाली. रुद्रप्पानं स्वतः स्क्रू सैल करून कडं काढलं, चनमल्लप्पाच्या हातात दिलं आणि नवं कार्ड लावायला सांगितलं. मग पुन्हा पालथा पडला.

चनमल्लप्पा दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगू लागला.

"आठ."

"नऊ."

"सात. हवालदार, ऊन लई चढलंय."

"आकडा सांग फकस्त."

गोळी सुटली. चनमल्लप्पा दुर्बिणीवरच वाकून राहिला.

"सहा," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यांदा सांग," रुद्रप्पा म्हणाला आणि त्यानं पुढची गोळी भरली.