आईचे हात

कर्णबधिर वैजयंती आपल्या लग्नाची जुनी कॅसेट घेऊन नवऱ्यासोबत बार्शीच्या स्टुडिओत आली. लग्नानंतर महिन्याभरातच आई गेली होती. आईला आपली खुणांची भाषा कधी शिकावीशी वाटली नाही, ही खंत मागं उरली होती.

स्टुडिओवाल्या इरफाननं कॅसेटमधल्या पाठवणीच्या भागाची चार मिनिटांत फाइल बनवली. त्यात आई हात हलवताना दिसली, पण बोटं धुरकट होती.

"दुसरं सॉफ्टवेअर सहा तास घेतं, पण चित्र स्वच्छ देतं," इरफान म्हणाला. नवऱ्यानं ते तिला खुणांनी सांगितलं. दोघं थांबले.

संध्याकाळी पडद्यावर बोट न् बोट दिसलं. निघालेल्या गाडीकडे बघत आई अडखळत खुणा करत होती. वैजयंती खुर्चीतून उठलीच.

"काय म्हणतायत त्या?" इरफाननं विचारलं.

नवऱ्यानं पडद्यावरच्या खुणा वाचून दाखवल्या. "म्हणतायत, 'मी शिकतेय. सावकाश बोल माझ्याशी.'"