दहावं चित्र

सोनोग्राफरच्या वरच्या परीक्षेला स्वतः केलेल्या दहा तपासण्यांची चित्रं पाठवावी लागतात, पेशंटची नावं झाकून. माझी नऊ तयार होती. तीन वर्षं रखडलेली बढती दहाव्यावर अडली होती. आज मुदत संपत होती. दुपारी मी यकृतातल्या गाठीचं एक जुनं चित्र खणातून काढून डॉक्टरबाईंपुढे ठेवलं. “अगं, काय स्वच्छ आलंय! जराही हललेलं नाही. पेशंटनं श्वास चांगलाच रोखला होता. इतके दिवस दडवून ठेवलंस होय?” “आई होती ती माझी. दोन महिने झाले तिला जाऊन. तिला तपासताना पडद्यावर गाठ दिसली आणि मी ‘श्वास सोड’ म्हणायचंच विसरले.” डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “राहू दे मग. पुढच्या वर्षी बघू.” “नको, पाठवते,” म्हणत मी आईच्या नावावर काळी पट्टी चिकटवली. “ती धरूनच राहिली हो. शेवटी तिनंच विचारलं, ‘सोडू का गं?’”