गोष्टीत न लिहिलेलं

“नवं माणूस आलंय, तेव्हा जरा शहाण्यासारखं वागा,” ऑड्रे म्हणाली. “डोरीन, तू विशेषतः.”

“मी काय चावते का कुणाला?” डोरीनने तोंडातला केक गिळत विचारलं.

सिग्नेट गावच्या वाचनालयामागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी पाच-सहा बायका जमायच्या आणि आपापलं लिहिलेलं वाचून दाखवायच्या. सगळ्या हसल्या. टेसने मात्र आधी त्या नव्या बाईकडे पाहिलं आणि मग सवयीने दाराकडे.

बाई साठीच्या पुढची होती. उंच, पांढरे केस बारीक कापलेले. नाव मर्ना. तिच्या मांडीवर मंडळाचं पुस्तक होतं. बायकांनीच उन्हाळ्यात छापून होबार्टच्या बाजारात विकायला ठेवलेलं.

त्यात टेसची एक गोष्ट होती. ती द्यावी की नाही, या विचारात तिच्या कितीतरी रात्री गेल्या होत्या. कारण टेस हे तिचं खरं नाव नव्हतं. नवऱ्याला, रॉयला, सोडून ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, जेराल्डटनहून, इथे टास्मानियात आली होती. येताना नाव टाकलं, लांब केस टाकले, फोन समुद्रात टाकला. लिहिणं तेवढं टाकता आलं नाही. तिकडे रॉयने तिचे कागद अंगणातल्या शेगडीत जाळले होते आणि त्याच आचेवर सॉसेज भाजून तिला वाढले होते. इथे सफरचंदं भरायच्या शेडमध्ये कामावर असताना जेवणाच्या सुट्टीत ती खोक्यावर बसून रोज थोडं तरी लिहायची. एखादा दिवस चुकला, की आपण अजून त्याच घरात आहोत असं तिला वाटायचं.

गोष्ट एका नवऱ्याची होती. घरी आला की तो आधी बायकोच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं, तर बायको बाहेर जाऊन आली. गाव, धंदा, नावं, सगळं टेसने बदललं होतं.

चहाच्या वेळी मर्ना तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

“तुझी गोष्ट वाचली,” ती हळूच म्हणाली. “पावडरीचं का नाही लिहिलंस?”

“कसली पावडर?”

“अंगाला लावायची. बाहेर जाताना उंबऱ्यावर टाकून जायचा ना? पाऊल उमटलंय का, ते बघायला.”

टेसने कप खाली ठेवला. पावडरीचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. ते तिला माहीत होतं आणि रॉयला.

“मनचंच लिहिलंय मी,” ती म्हणाली. “असा कुणी नव्हता.”

“बरं. राहतेस कुठे? एकटीच असतेस?”

“आलेच मी,” म्हणून टेस संडासाकडे वळली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

सफरचंदांच्या बागेजवळच्या आपल्या खोलीत येऊन तिने बॅगेत कपडे कोंबले. रॉय स्वतः कधीच आधी यायचा नाही. पूर्वी ती बहिणीकडे पळाली, तेव्हा चर्चमधली एक गोड बोलणारी म्हातारी आली होती. पाठीवरून हात फिरवत तिनेच टेसला परत त्याच्या गाडीत बसवलं होतं.

आता पुन्हा नवं गाव, नवं नाव. आणि या वेळी लिहायचं नाही. लिहिण्यानेच घात केला होता. तिने सगळे कागद चुलीत घातले, काडी ओढली. ज्योत बोटापर्यंत आली तरी तिचा हात पुढे होईना. हे काम त्याचं होतं. तिने काडी विझवली आणि कागद काढून बॅगेत भरले.

बाहेर गाडी थांबली.

टेसने खिळ्याला अडकवलेली फांद्या छाटायची कात्री घेतली आणि दार उघडलं. फाटकाशी मर्ना उभी होती. एकटीच. गाडीत दुसरं कुणी दिसत नव्हतं.

“इथलं कुणी सांगितलं?”

“डोरीनने. ऑड्रे तिला गप्प करत होती, पण तोवर सांगून झालं होतं.”

“तो कुठाय?”

“तिकडेच असेल. त्याच्या बोटीवर.”

“त्याला सांगा, मी सापडले नाही. सांगा, ती दुसरीच कुणीतरी निघाली. तुमच्या पाया पडते.”

मर्ना फाटक उघडून आत आली नाही. तिने दोन्ही हात फाटकाच्या वर, टेसला दिसतील असे ठेवले.

“मला त्याने नाही पाठवलं, पोरी.”

“मग पावडरीचं कसं कळलं तुम्हाला?”

मर्ना म्हणाली, “त्याची पहिली बायको समुद्रात बुडून मेली, असंच सांगितलं असेल ना त्याने तुला?”